दोनशे दहा किलोमीटर, सत्कारासह

कोल्हापुरात शाहूपुरीच्या दुसऱ्या गल्लीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. कुणाचा वाढदिवस आहे, कुणाची पोरगी दहावीला चमकली, कुणाच्या बैलांनी शर्यत मारली आणि कुणाची दूध सोसायटीवर बिनविरोध निवड झाली, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. बावीस वर्षांत मी इतक्या लोकांचं हार्दिक अभिनंदन केलंय की आता ते शब्द मला दिसतच नाहीत. दिसतात ते चौरस फूट, आणि कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यापेक्षा मोठं छापायचं हा प्रश्न. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक माझी आहे. ती दहा बाय पंधरा फुटांची होती आणि चौकात लागली होती.

गोष्ट आमच्या शेजारच्या अण्णांची. अण्णाप्पा पट्टणशेट्टी, एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी आणि दारात मराठी. बायको शांतव्वा, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. अण्णा अंगानं किरकोळ, आवाजानं मोठे, आणि हिशेबाच्या बाबतीत असे कडक की तेहतीस वर्षांत तपासणीवाल्यांना त्यांच्याकडे एक चूक सापडली नाही. त्यांच्या मुलीला बारावं वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी ती त्यांच्याच गाडीतून आजोळी चालली होती. अण्णांनी तिला सकाळी फुल तिकीट फाडलं आणि केक संध्याकाळी कापला. काकू अजून ही गोष्ट सांगताना कपाळाला हात लावतात.

पण हाच माणूस डोंगराकडच्या शेवटच्या गाडीला दुधाची किटली घेऊन पळत येणारी बाई दिसली की घंटीची दोरी ओढायचा नाही. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, आतले प्रवासी ओरडायचे, अण्णा दारात उभे राहून ‘दमानं या, दमानं’ म्हणायचे आणि नंतर उशिराचं कारण खरंखुरं लिहायचे. त्यामुळे पाटगाव, दाजीपूर, गगनबावडा या सगळ्या पट्ट्यात अण्णांना ओळखत नाही असा माणूस नाही. हेच पुढं त्यांच्या पायात आलं.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षं त्यांनी दारातली कुंडी इकडची तिकडं केली. मग दिवाळीला पुण्याहून नात आली, शांभवी. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी माणूस पाठीवर घर बांधून सहा महिने डोंगरातनं चाललाय, दाढी वाढलीय, कपडे फाटलेत आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्याचीच वरात आहे. अण्णांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. मग विचारलं, ‘‘मदी कुटं गाडीत बसला न्हाय?’’

शांभवी म्हणाली, ‘‘नाही आजोबा. एक पाऊलही गाडीत ठेवायचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पायी. तरच ते मोजतात.’’

‘‘कोन मोजतंय?’’

‘‘कुणी नाही. ज्याचं त्यानं.’’

हे शेवटचं वाक्य अण्णांना जे लागलं ते लागलंच. ज्या माणसावर तेहतीस वर्षं तपासणी पथक होतं, त्याला आपलं आपणच तपासायचा खेळ सापडला होता. दोन दिवसांनी ते माझ्या दुकानात आले, हातात एसटीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर काढलेला नकाशा. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पारगड, उत्तरेला आंबा गाव, मधे सह्याद्रीची धार. त्यांच्या मोजणीनं दोनशे दहा किलोमीटर. रोज पंधरा, म्हणजे चौदा दिवस.

मी म्हटलं, ‘‘अण्णा, एकसष्टाव्या वर्षी हे काय काढलंय?’’

‘‘धैर्या, तेहतीस वर्षं मी शेवटच्या थांब्याला गेलो. तितं डायवर गाडी वळवायचा आनी मी मागं हुबा राहून शिट्टी वाजवायचो. माझं तोंड गाडीकडं, पाठ डोंगराकडं. गाडी वळती तितनं फुडं काय हाय, ह्ये मी कदी बगितलंच न्हाय. आता बगायचं हाय. सगळं. एक तुकडा न्हाय सोडायचा.’’

मला खरं तर तिथंच गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी आमच्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी. मी संध्याकाळी ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर घातली.

आमचे अध्यक्ष अमरसिंह. वय सत्तेचाळीस, तरुण मंडळात अजून तरुण. महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की त्यांना समाजाबद्दल फार वाटायला लागतं. त्यांनी ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. ‘‘आपल्या गल्लीचा मानूस सह्याद्री पायी सर करनार! सत्कार पाहिजे की!’’

मी म्हटलं, ‘‘अजून निघाले नाहीत ते.’’

‘‘निगतील की. साहेबांची तारीक घ्यायला लागती. ती काय मागनं मिळती व्हय?’’

साहेब म्हणजे कोण, ते सांगत नाही. प्रत्येक गल्लीला एक साहेब असतात. साहेबांची डायरी बघितली तर पुढच्या दोन महिन्यांत एकच संध्याकाळ मोकळी होती, चौदा डिसेंबर. अण्णा एक तारखेला निघणार होते, म्हणजे चौदाव्या दिवशी पोचणार. तारीख इतकी चोख जुळली की अमरसिंहांना त्यात देवाचा हात दिसला. मला ऑर्डर दिसली. अण्णा ज्या दिवशी पारगडच्या पायऱ्यांशी पहिलं पाऊल टाकत होते, त्या दिवशी माझ्या मशिनमधनं त्यांचा फ्लेक्स बाहेर येत होता: ‘सलग २१० कि.मी. पायी! सह्याद्रीचा ढाण्या वाघ! आपले लाडके अण्णा यांचे हार्दिक अभिनंदन!’ अण्णांचा फोटो त्यांच्या ओळखपत्रावरचा होता, त्याला मी गॉगल चढवला. मागं डोंगर म्हणून इंटरनेटवरनं जे मिळालं ते लावलं, त्याच्यावर बर्फ होतं. खाली शुभेच्छुकांची बेचाळीस डोकी. मधे अमरसिंह, अण्णांच्या दुप्पट.

आता अण्णांच्या चालण्याचं सांगतो. हे मला त्यांच्या वहीवरनं आणि नंतर त्यांच्या तोंडून कळलं.

पाठीवरची पिशवी चौदा किलोची होती. त्यात पावसात भिजणार नाही असा छोटा तंबू होता, वनखात्याच्या परवानगीचं पत्र दोन प्रतींत होतं, आणि बाकी सगळी जागा काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीनं भरली होती. अण्णांना वाटलं होतं, वाटेत उपास घडेल, गव्यांची गाठ पडेल, रस्ता चुकेल. त्या परदेशी माणसाला हेच सगळं झालं होतं. आमच्याकडच्या डोंगरात एक वेगळंच जनावर असतं याचा त्यांनी विचार केला नव्हता, ते म्हणजे ओळखीचा माणूस.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी पाटगावच्या अलीकडे मागनं मोटरसायकल आली आणि करकचून थांबली.

‘‘ओ कंडक्टर! चालत कुटं?’’

‘‘आंब्याला.’’

‘‘आंब्याला चालत? का, गाड्या बंद पडल्यात काय?’’

हे गणपतराव. पूर्वी रोज अण्णांच्या गाडीनं गारगोटीला हायस्कुलात जायचे, शिपाई होते. अण्णांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सलग, पायी, एक पाऊलही नाही. गणपतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं, अण्णांच्या पाठीवरची पिशवी उतरवली आणि हँडलला अडकवली. ‘‘बरं बरं. बसा.’’

‘‘अवो, मी चालायला आलोय.’’

‘‘आनी मी बगत बसू? कंडक्टर आमच्या शिवेवरनं चालत गेला म्हनून लोक तोंडात शेण घालतील माझ्या. बसा म्हंतो न्हवं!’’

पिशवी हँडलला, पिशवीत तंबू, पत्र, भाकरी. माणूस करणार काय? अण्णा बसले. सात किलोमीटर गाडीवरनं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण विनातिकीट बसलोय असं वाटलं.

गणपतरावांच्या घरी गेल्यावर दुसरं संकट. अण्णा लिंगायत, गळ्यात लिंग, ते मांसाला शिवत नाहीत. कोल्हापुरात पाहुणा मटण खात नाही ही बातमी घरात एखादं माणूस दवाखान्यात ठेवल्यासारखी हलक्या आवाजात सांगतात. मग त्या दुःखाची भरपाई म्हणून पुरणपोळी होते. तीही एक नाही. पोळीवर तूप, तुपावर दूध, कटाची आमटी, भजी, आणि ‘काहीच खाल्लं न्हाय’ ही तक्रार. गणपतरावांकडं पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीत त्यांच्या साडूकडं पुरणपोळी झाली. तिसऱ्या दिवशी साडूच्या सोयऱ्याकडं झाली. फोन अण्णांच्या पुढं पळत होते. अण्णा वाडीत पोचायच्या आधीच डाळ शिजायला टाकलेली असायची.

पाटगावच्या मुक्कामानंतर सकाळी अण्णा गणपतरावांना म्हणाले, ‘‘मला काल जितनं उचललासा तितं परत न्हेऊन सोडा.’’

‘‘काय इसरलं काय तितं?’’

‘‘व्हय. सात किलोमीटर इसरलेत.’’

गणपतरावांना राग आला. गाडी नवी होती, तिच्यात काय खोट आहे ते त्यांना कळेना. तरी पाहुण्याचा शब्द म्हणून त्यांनी अण्णांना जिथनं उचललं होतं त्या आंब्याच्या झाडाखाली नेऊन सोडलं. अण्णा चालायला लागले आणि गणपतराव पिशवी हँडलला लावून पहिल्या गिअरमधे त्यांच्या शेजारनं. अण्णांनी पिशवी परत मागितली. पिशवी गाडीवर आणि माणूस पायी हे त्यांना पटेना. एसटीत लगेजचं तिकीट वेगळं फाडायला लागतं.

असं रोज व्हायला लागलं. कुणी उचलायचं, अण्णांनी वहीत झाड किंवा दगड लिहून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत त्या दगडापाशी यायचं. रोजचे पंधरा किलोमीटर चालायला ते वीस किलोमीटर गाडीवर बसत होते. चुकवायचे म्हणून त्यांनी रस्ता सोडून जंगलाची वाट धरली, तर पलीकडच्या वळणावर लोक बाटलीत ताक घेऊन उभे. या लोकांना शिव्या द्याव्यात तर त्यांच्या मनात वाईट काही नाही. एकानं सांगितलं, अण्णांनी गाडी थांबवली होती म्हणून त्याची आई वेळेत दवाखान्यात पोचली होती. आता अशा माणसाच्या हातातली पिशवी तुम्ही हिसकावून घ्याल? अण्णांना जमलं नाही.

फक्त एका बाईनं त्यांना चालू दिलं. दाजीपूरच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर धोंडुबाई भेटली. सत्तरीची असेल. तीही जुनी प्रवासी, शेवटच्या गाडीची किटलीवाली. अण्णांनी घाबरत घाबरत सांगितलं की मी चालत निघालोय. ती म्हणाली, ‘‘मग चाल की. त्यात सांगायचं काय?’’

‘‘न्हाय, लोक म्हंत्यात कशाला चालतोस.’’

‘‘त्यास्नी रस्ता हाय. आमी तुझी गाडी धरायला रोज नऊ किलोमीटर यायचो आनी नऊ माघारी. तू काय गाडी हितवर आनली न्हाईस.’’

ती त्यांच्याबरोबर सड्याच्या मोकळ्या कातळावरनं चार किलोमीटर आली. अनवाणी, अण्णांच्या पुढं, आणि मधे मधे थांबून त्यांची वाट बघत. जिथं ढोरवाट संपून पुढची पायवाट दिसायला लागली तिथं तिनं बोट दाखवलं आणि मागं फिरली. अण्णांनी वहीत त्या दिवशी लिहिलंय: ‘आज सलग सतरा. कुणी उचलले नाही. बाईच्या चालण्याचा एकूण हिशेब काढला, मन लागले नाही.’ हिशेब काय निघाला ते लिहिलेलं नाही. तिचा फ्लेक्स माझ्याकडं कधी छापायला आलेला नाही, एवढं मी सांगू शकतो.

चौदा तारीख उजाडली तेव्हा अण्णा गगनबावड्यात होते. अजून बावन्न किलोमीटर शिल्लक. इकडं चौकात मंडप, खुर्च्या, आचारी, साऊंड. अमरसिंह आणि मी जीप घेऊन सकाळीच गगनबावडा गाठला. अण्णा एका ओळखीच्या घरात पाटावर बसले होते. ताटात पुरणपोळी.

अमरसिंहांनी त्यांच्यापुढं बसकण मारली. ‘‘अण्णा, चला. साहेब सात वाजता येनार हायत.’’

‘‘माझं झालं न्हाय अजून. बावन्न ऱ्हायलंय.’’

‘‘अवो, एकशे अठ्ठावन्न काय नि दोनशे दहा काय! मानूस चालला हे महत्त्वाचं.’’

‘‘मग माझ्या गाडीत गारगोटीचं तिकीट काडून लोक फुडं पाटगावला उतरलं असतं तर चाललं असतं काय?’’

अमरसिंहांनी काकूंना फोन लावून अण्णांच्या कानाला दिला. काकूंना आम्ही आधीच पैठणी नेसवून तयार ठेवलं होतं. कानडीत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण ‘अय्य शिवा’ तीनदा ऐकू आलं. मी पुढं झालो. म्हटलं, ‘‘अण्णा, नुसतं दोन तास. उद्या सकाळी सातला जीप काढून तुम्हाला इथंच, याच दारात आणून सोडतो. आईशप्पत.’’ त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वहीत लिहिलं: ‘गगनबावडा, निळं दार.’ मग जीपमधे बसले.

सत्कार म्हणाल तर दणक्यात झाला. हलगी, फेटा, पाच हजारांची माळ, म्हणजे फटाक्यांची. साहेब पावणेनऊला आले. त्यांनी भाषणात अण्णांना अण्णासाहेब केलं, त्यांचं वय ऐंशी केलं आणि सह्याद्रीऐवजी दोनदा हिमालय म्हणाले. हिमालयाचा दोष माझा, त्यांनी फ्लेक्सवरचं बर्फ बघितलं होतं. ‘‘आजच्या तरुण पिढीनं अण्णासाहेबांचा आदर्श घ्यावा,’’ असं म्हणून ते घड्याळाकडं बघायला लागले. शाल पडली, श्रीफळ पडलं, पंख पसरलेल्या गरुडाचं सन्मानचिन्ह आलं. त्यावर कोरलं होतं: ‘सलग’.

अण्णांनी ते वाचलं, टेबलावर परत ठेवलं आणि माईक हातात घेतला. मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो.

‘‘मी खोटं बोलनार न्हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘माझं सलग झालेलं न्हाय. अजून बावन्न किलोमीटर ऱ्हायल्यात. ह्यो सत्कार माझा न्हवं. ही शाल ठेवा, पुरं करून आलो तर घेतो. न्हाय झालं तर न्हाय.’’

आणि मग टाळ्या! अशा टाळ्या आमच्या चौकात गणपतीलाही वाजल्या नव्हत्या. साहेबांचे डोळे पाणावले. ‘‘केवढा हा विनय!’’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘‘मोठी माणसं अशीच असतात. अजून बावन्न राहिलेत म्हणाले! वा!’’ अण्णा माईकमधे ‘न्हाय, खरंच ऱ्हायलंय’ म्हणत होते, तोवर साऊंडवाल्यानं गाणं लावलं आणि पंगत बसली. माणसानं चौकात उभं राहून खरं सांगितलं आणि चारशे लोकांनी ते टाळ्या वाजवून परत त्याच्या तोंडात कोंबलं. त्या चारशेंत मीही होतो. मी पण वाजवल्या.

सकाळी सातला जीप आली नाही. अमरसिंहांचा फोन बंद. मी आपली शप्पथ घेऊन गाढ झोपलो होतो. नवाला दुकान उघडायला निघालो तर अण्णा त्यांच्या दारातल्या पायरीवर बसलेले, पिशवी पाठीला बांधलेली, बूट घातलेले. काकू आतनं म्हणाल्या, ‘‘साडेसहापासनं बसल्यात बगा. च्यासुदीक घेतला न्हाय.’’

मी दुकान उघडलं नाही. माझी गाडी काढली आणि त्यांना मागं बसवून गगनबावड्याची वाट धरली. कळे गाव मागं पडल्यावर मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. ‘‘अण्णा, आता सत्कार झाला. अख्ख्या गावाला वाटतंय झालं. कशाला जिवाला त्रास? घरी जाऊ की.’’

अण्णा मागनं म्हणाले, ‘‘धैर्या, बिनतिकिटाचा मानूस मी लांबनं वळकायचो. कसं, सांगू? त्यो खिडकीतनं भाईर बगत न्हाय. सगळी गाडी डोंगर बगत असती, ह्येचं सगळं ध्यान दाराकडं, तपासनीस चडतोय काय म्हनून. तिकीट काडलेला मानूस निवांत बगतो. मला निवांत बगायचं हाय बाबा. तेवडंच.’’

निळ्या दारापाशी मी त्यांना सोडलं. ते न बघता चालायला लागले.

पुढचे दिवस त्यांना आधीपेक्षा वाईट गेले. सत्काराचे फोटो मोबाईलवरनं वाडीवाडीत पोचले होते. आता लोक त्यांना रस्त्यात धरून म्हणायचे, ‘‘तुमचं झालंय की! फोटो बगितला आमी. मग आता कशापाई चालताय? बसा गाडीवर!’’ पूर्वी निदान कारण तरी सांगता येत होतं. आता ज्याचा सत्कार झाला ते काम माणूस परत का करतोय, याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. एका गावात तर त्यांना थोडा डोक्यावर परिणाम झालाय का, अशी काकूंना फोन करून चौकशी झाली. त्यातला एक फायदा एवढाच की वेड्या माणसाला कुणी पुरणपोळीचा आग्रह करत नाही. शेवटी ते कडक भाकरी आणि चटणीवर चालले, त्या परदेशी माणसासारखे.

एकोणीस तारखेला त्यांचा मला फोन आला. ‘‘उद्या दुपारी आंब्यात पोचतो.’’ एवढंच. मी अमरसिंहांना सांगितलं, उद्या अण्णा खरोखरच पूर्ण करतायत, चार माणसं घेऊन जाऊ. अमरसिंहांचं तोंड कडू झालं. ‘‘गप बस. उद्या पुरं केलं म्हटल्यावर मग चौदाला आपन काय केलं, असं इचारतील की लोक. साहेबांच्या इज्जतीचा प्रश्न हाय. झालेली गोष्ट परत करायला सांगू नकोस कुनाला.’’

मी एकटाच गेलो. काकूंनी डबा दिला. आंब्यात गाडी लावली, एका टेम्पोनं नऊ किलोमीटर मागं आलो आणि वाटेवर अण्णांची गाठ घेतली. म्हटलं, ‘‘तुमच्याबरोबर चालतो. शेवटपर्यंत.’’ मला वाटलं होतं ते हसतील. ते नुसतं ‘‘चल’’ म्हणाले. अण्णा वाळले होते, उन्हानं काळे पडले होते, आणि डावा पाय जरा ओढत चालत होते. तरी मधे मधे थांबून दरीकडं बघायचे. नेमकं काय बघतात म्हणून मीही बघितलं. झाडं होती, खाली ऊन होतं, लांब एक घार फिरत होती. मला दोन मिनिटांत कंटाळा आला. ते बघतच होते.

तिसऱ्या किलोमीटरला माझ्या बुटानं टाच चावली. चौथ्याला मला बसावं लागलं. पाचव्याला मागनं दुधाची मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना कॅन लावलेली.

‘‘पावणं, लंगडताय की! या, बसा.’’

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी मानेनंच खुणावलं, जा. राग नव्हता, चेष्टाही नव्हती. त्यांना त्याचं काही वाटलंच नाही, आणि तेच मला झोंबलं. ज्यानं दहा बाय पंधरावर ‘सलग’ छापलं, त्याच्या पायात पाच किलोमीटरच्या वर सलग नव्हतं. मी कॅनच्या मधे बसलो आणि आंब्यात येऊन चहाच्या टपरीसमोर उभा राहिलो. चहावाल्यानं विचारलं कुणाची वाट बघताय. मी सांगितलं, एक माणूस पारगडहून चालत येतोय. तो म्हणाला, ‘‘का, गाडी न्हाई गावली?’’

दीड वाजता वळणावर अण्णा दिसले. हलगी नाही, फेटा नाही, रस्त्यावर एक कुत्रं आणि मी. ते आपल्या चालीनं आले, गावाच्या पाटीपाशी थांबले, पाटीच्या खांबाला हात लावला आणि तसाच ठेवून उभे राहिले. एकसष्ट वर्षांचा तो कडक माणूस भर दुपारी रस्त्याच्या कडेला रडत होता आणि हसतही होता. खिशातनं वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली.

मला ‘हार्दिक अभिनंदन’ म्हणायचं होतं. बावीस वर्षं तेच विकलं, आणि आता जिभेवर आणलं तर ते आधीच वापरून टाकलेलं निघालं. दुसरा शब्द मला येईना. मला माझी लाज वाटली, इतकी की त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना. त्यांच्या पाया पडायला खाली वाकलो.

‘‘हळू,’’ अण्णा म्हणाले. ‘‘फोड हायत.’’